पहिल्या दोन भाकऱ्या

"क्लच लवकर सोडतेस का तू?" असं मी विचारलं, तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि मी सोफ्यावर पाय पसरून त्या दिवशीचे बाकीचे पेपर चाळत होतो. बायको नुकतीच शाळेतून आली होती. चप्पल काढता काढता म्हणाली, "अरे, आज परत बंद पडली. द्वारकेच्या सिग्नलला. मागचा रिक्षावाला नुसता कोकलत होता." त्यावर मी आधी म्हणालो, "मला तर कधी नाही पडली बंद," आणि मग हे क्लचचं. खरं तर ती माझ्याआधी तीन वर्षं गाडी शिकलीय. मला घाटात हाफ क्लचवर गाडी धरायला तिनंच शिकवलं. ती काही बोलली नाही. पिशवीतून पालकाची जुडी काढली, ओट्यावर ठेवली आणि हातपाय धुवायला निघून गेली. घरात तो विषय पुन्हा निघाला नाही. विषय निघत नाही म्हणजे गाडी सुधारली, असं मी धरून चाललो. डिसेंबरचा पहिला आठवडा होता तो.

माझी सकाळ नऊला होते. नाशिकच्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करणाऱ्याची तशीच होते. रात्री एक-दीडला पान सोडायचं, दुचाकीवरून इंदिरानगरला यायचं, कानटोपी काढून तसंच रजईत शिरायचं. गाडी सकाळी तिची. तिची शाळा पंचवटीच्या बाजूला, पहिली घंटा सात दहाला. माझ्या वाट्याला गाडी येते ती सुट्टीच्या दिवशी दुपारी, म्हणजे ती उन्हात तरी उभी असते नाहीतर नुकतीच कुठून तरी आलेली असते. गंमत अशी, की 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी दर हिवाळ्यात माझ्याच हाताखालून जाते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा येतो, ७ अंश, ६ अंश, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा फोटो असतो, धुरामागे कानाला उपरणं बांधलेला शेतकरी. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं पहाटे बागेत धूर करून बसतात. 'हुडहुडी' हा शब्द मी इतक्या मथळ्यांत वापरलाय की आता तो टाइप करताना अंगावर काटाही येत नाही. आकडा कुणीतरी पहाटे वाचतो, मी तो रात्री दिव्याखाली छापतो आणि ज्या वेळेचा तो आकडा असतो, त्या वेळी मी झोपलेला असतो.

जानेवारीत एकदा पावणेसातला फोन वाजला. "सुरूच होत नाहीये. आता सेल्फपण नुसता कटकट करतोय." मी स्वेटरवर स्वेटर घालून निघालो. द्वारकेला पोचलो तोवर दोन रिक्षावाल्यांनी धक्का देऊन गाडी सुरू करून दिली होती आणि ती शांतपणे गुरगुरत उभी होती. मी आत बसलो, रेस दिली, काटा सरळ वर गेला, सरळ खाली आला. कुठं काही नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला राग म्हणता येणार नाही. रागावर काहीतरी उत्तर देता येतं. मी म्हणालो, "आज दाखवून आणतो." ती म्हणाली, "आण." मग जरा थांबून, "मी पंधरा दिवस झाले, दहा मिनिटं लवकर उतरते खाली. आधी गरम करते, मग काढते. आज उशीर झाला उठायला, म्हणून."

तिच्या मोबाइलवरचा गजर पाच पन्नासचा पाच चाळीस झालाय, हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याच दुपारी मी गाडी नेहमीच्या वर्कशॉपला नेली. तिथं आता एसी लाउंज आहे, कॉफीचं मशीन आहे आणि टॅब हातात धरलेला एक नम्र मुलगा आहे. त्यानं एक चक्कर मारली. "सर, गाडी तर मक्खन आहे." स्कॅनर लावला, एकही कोड नाही. चेक लाइट कधी लागली नव्हतीच. मी म्हणालो, सकाळी होतं. तो म्हणाला, सर, आत्ता तर काही दिसत नाही. त्याचं खोटं नव्हतं. घरून तिथवर सात-आठ किलोमीटर चालवत नेलेली गाडी होती ती. तरी काहीतरी करायला हवं म्हणून प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि सव्वाचार हजारांचं बिल झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच. ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं तर एका सुरात उत्तर आलं, ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. हल्ली गाडीच्या कुठल्याही दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटतं, टायर पंक्चर झाला तरी. थंडीपुरतं त्यात तथ्य नाही असंही नाही. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे गारठ्यात ते आणखी नखरे करतं. पण आमच्याच सोसायटीतल्या, त्याच पंपावर पेट्रोल भरणाऱ्या, तितक्याच जुन्या चार गाड्या सकाळी बिनबोभाट निघत होत्या.

वर्कशॉपमधून परत येताना मला आईचे हात आठवले.

आम्ही लासलगावला राहायचो. मी सातवी-आठवीत असेन. चूल कधीच गेली होती, गॅस आला होता, पण भाकरी परातीत थापायची ती तशीच. आई पहाटे थापायला बसायची आणि पहिल्या दोन भाकऱ्या तुटायच्या. कडेला चीर जायची, नाहीतर तव्यावर टाकताना हातातच मोडायच्या. तिसरी जरा बरी, चौथीपासून चंद्रासारखी गोल. मोडक्या भाकऱ्या माझ्या ताटात यायच्या, कारण मी आधी उठून शाळेला जायचो. मी कुरकुर करायचो. ती म्हणायची, "बोटं उघडत नाहीत रे सकाळी." हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा ऐकू यायचं की ते नळाला पाणी आल्याच्या आवाजासारखं झालं होतं. एकदा वडिलांनी तिला नाशिकला नेलं. पहिली एसटी पकडून गेले, नंबर लागला साडेबाराला. डॉक्टर म्हणाले, मूठ वळा. तिनं वळली. उघडा. उघडली. "वळतेय की मूठ." दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या. घरी आल्यावर वडील दोन-तीनदा म्हणाले, "डॉक्टरांनी बघितलं ना." दुसऱ्या दिवशी पहाटे लोणच्याच्या बरणीचं झाकण मी उघडून दिलं. दिलं ते वैतागून, हेही आठवतं.

वडिलांना यंत्रांचं मात्र कळायचं. त्यांची स्कूटर थंडीत ते आधी एका बाजूला आडवी करायचे, मग उभी करायचे, चोक ओढायचे आणि किक. चोक म्हणजे गळा आवळणं. हवेची वाट अरुंद करायची म्हणजे पेट्रोलचा वाटा आपोआप वाढतो. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. धातू गारठलेला असला की अर्धंअधिक पेट्रोल भिंतींना थेंबाथेंबानं चिकटून राहतं, ठिणगीपर्यंत पोचतच नाही. म्हणून थंड इंजिनाला जास्तीचं वाढावं लागतं. एरवी १ भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, हे आदर्श प्रमाण. पहाटे ते पाळायला गेलं तर गाडी उपाशी मरते. आणि चोक तसाच ओढून ठेवला तर थोड्या वेळानं काळा धूर. वडील अंगणात स्कूटर सुरू ठेवून दात घासायचे आणि तोंडात ब्रश असतानाच मध्येच येऊन चोक आत ढकलायचे. कशावरून कळायचं त्यांना? आवाजावरून. ज्या माणसाला स्कूटरचा गारठा गेल्याचं मोरीतून कळत होतं, त्याला स्वयंपाकघरातल्या तुटलेल्या भाकऱ्या दिसत नव्हत्या. आता मला त्यांच्याबद्दल फार बोलायला तोंड नाही.

साधारण २००० सालच्या सुमाराला नव्या गाड्यांतून चोकची ती ओढायची मूठ गेली. मागच्या काचेवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं मिरवणाऱ्या गाड्या आल्या, आणि कान देऊन चोक आत ढकलायचं काम एका संगणकानं घेतलं. त्याला कान नाहीत. इंजिनातल्या पाण्यात बुडवलेला एक सेन्सर त्याला सांगतो, आत इतके अंश आहेत, आणि तो त्या हिशेबानं पेट्रोल सोडतो.

हे मला कळलं वडाळा नाक्याच्या आतल्या एका मिस्त्रीकडून. साठीचा माणूस, पत्र्याची शेड, भिंतीला टांगलेले पाने आणि कोपऱ्यात एक मांजर. ऑफिसच्या ड्रायव्हरनं त्याचं नाव सुचवलं होतं. मी दुपारी गाडी घेऊन गेलो तर त्यानं बोनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "कधी होतं?" मी म्हणालो, सकाळी. "सकाळी म्हणजे? सुरू केल्या केल्या, का दोन मिनिटांनी?" मला सांगता येईना. "सुरू होऊन मग मरते, का सुरूच होत नाही? पेट्रोलचा वास येतो का? धूर? रेस धरून ठेवली तर तगते का? किती चालल्यावर नीट होते?" मी बायकोला फोन लावला. तिनं एका दमात सगळं सांगितलं. पहिल्या सेल्फला लागते, दोन-तीन सेकंद बरी चालते, मग काटा पाचशेच्या खाली, स्टिअरिंग थरथरतं, गिअर टाकला की हुंदका देऊन बंद. वास नाही, धूर नाही. द्वारकेच्या पुढं गेल्यावर, म्हणजे पाच-सहा मिनिटांनी, आपोआप ठीक. उन्हाळ्यात कधीच नाही, दिवाळीनंतर सुरू झालं. स्पीकरवर होतं सगळं. मिस्त्री मान डोलवत ऐकत होता. "वैनींना नीट माहितीय," एवढंच म्हणाला. मग त्यानं एक प्लग खोलून उन्हात धरला. टोक बदामी रंगाचं. "गरम झाल्यावर जळण एकदम बरोबर आहे. म्हणजे गरम गाडीत मी बघू काय? रात्री इथंच सोडा. आणि सकाळी मी यायच्या आत कुणी चावी लावायची नाही."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी तिथं होतो. बारा-पंधरा वर्षांत इतक्या पहाटे मी हा रस्ता पाहिला नव्हता. दूधवाल्यांच्या गाड्यांचे दिवे धुक्यात पिवळे दिसत होते, हातमोज्यांतूनही बोटं ठणकत होती. ब्रेकच्या लिव्हरवरून ती सरळ करताना एक क्षणभर उघडेचनात. मिस्त्री मफलर गुंडाळून आला. स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, चावी फक्त एक घर फिरवली, सेल्फ मारला नाही. पडद्यावरच्या लांबलचक यादीतल्या दोनच ओळींवर त्यानं बोट ठेवलं. इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान, १०. कूलंटचं तापमान, ३९.

"रात्रभर एकाच जागी उभी होती ना गाडी? मग हवा दहावर आणि पाणी एकोणचाळीसवर कसं? रेडिएटरमध्ये कुणी चहा ओतला?"

इतकं साधं होतं ते. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे जवळपास सारखेच यायला हवेत. त्या पाण्यातल्या सेन्सरनं गारठलेलं इंजिन कोमट असल्याचं कळवलं, संगणकानं कोमट इंजिनाला पुरेल इतकंच पेट्रोल सोडलं, आणि गाडी उपासमारीनं धापा टाकत राहिली. मग चेक लाइट का नाही लागली? कारण ३९ हा आकडा अशक्य नाही. सेन्सरची तार तुटली असती, उणे चाळीस वगैरे काहीतरी अचाट आलं असतं, तर आमच्या गाडीच्या संगणकाला शंका आली असती. मला हे फार ओळखीचं वाटलं. डेस्कवरही अशक्य आकडा लगेच डोळ्यांत खुपतो. संभाव्य वाटणारा चुकीचा आकडा मात्र थेट पानावर जाऊन बसतो, आणि बातमीदार एकच असेल तर विचारायलाच नको.

त्यानं इंजिन थंडच असताना सेन्सर खोलला. अर्ध्या बोटाएवढी पितळेची वस्तू. भोकातून हिरवं कूलंट गळायला लागलं तसं त्याच्या हाताखालच्या पोऱ्यानं अंगठा दाबून धरला आणि "लवकर करा, लय गार आहे," म्हणून नाचायला लागला. डब्यात नवा सेन्सर तयार होता. म्हणजे आदल्या दिवशी बायकोचं फोनवरचं बोलणं ऐकूनच मिस्त्रीनं तो आणून ठेवला होता. पण बसवायच्या आधी त्यानं एक प्रकार केला, तो माझ्यासाठीच असावा. टपरीवरून काचेचा एक ग्लास उकळत्या पाण्याचा आणला, दुसरा बाहेरच्या पिंपातून गार पाण्याचा भरला. मल्टिमीटरच्या तारा लावून नवा सेन्सर गार पाण्यात बुडवला, ३.४ किलोओहम. जुना बुडवला, १.२. मग गरम पाण्यात. नवा ०.३२, जुना ०.२७. "बघा. गरमात दोघं भाऊ-भाऊ. गारठ्यात ह्याचं बिंग फुटतं." सेन्सरच्या आत कुठंतरी ओल शिरली होती. त्या ओलीतून विजेला एक चोरवाट मिळालेली. गार असताना सेन्सरचा मूळ विरोध मोठा, म्हणून बरीच वीज चोरवाटेनं जाते आणि आकडा ढळतो. गरम झाल्यावर मूळ वाटच इतकी मोकळी होते की चोरवाटेला कुणी विचारत नाही. शिवाय तोवर सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सरही जागा झालेला असतो. तो ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय कामाला लागत नाही, पण एकदा लागला की जळण कमी-जास्त झाल्याची खबर देत बसतो आणि संगणक चुका निस्तरत जातो. पहिली काही मिनिटंच अशी असतात की गाडीजवळ त्या एका सेन्सरच्या शब्दाशिवाय काही नसतं.

आईला पुढं दुसऱ्या एका डॉक्टरांकडं नेलं, दीड-दोन वर्षांनी. तिथंही नंबर दुपारीच लागला, तिथंही मूठ वळली. पण ते डॉक्टर मुठीकडं बघतच नव्हते. त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो?" आई घड्याळात कधी मोजायची नाही. म्हणाली, "दोन भाकऱ्या मोडेपर्यंत कशीबशी चालतात. नीट व्हायला कपडे धुऊन होतात." डॉक्टर म्हणाले, "म्हणजे तासाच्या वर." सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर टिकतो, तेव्हा आमवाताची शंका घ्यायची असते, हे मी खूप नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की आईनं पदर तोंडाला लावला होता. निदान वाईटच होतं, रक्ताच्या तपासणीत ते पक्कं झालं, आणि मधल्या दीड-दोन वर्षांत करंगळी वाकायला लागली होती ती वाकलीच. तरी त्या दिवशी एसटीत ती खिडकीशी बसून बरंच काही बोलत होती. वडील गप्प होते. दुसऱ्या दिवसापासून कणीक ते मळायला लागले. फार वाईट मळायचे.

मिस्त्रीनं नवा सेन्सर बसवला, कूलंट भरलं, स्कॅनर पुन्हा बघितला. १०, ११. "मारा सेल्फ." गाडी एका झटक्यात लागली आणि काटा पंधराशेच्या आसपास जाऊन थांबला. इंजिन जरा मोठ्यानं, जास्तीचं खाऊन बोलत होतं. मग तब्येतीत, मिनिटामिनिटानं, बाराशे, हजार, नऊशे. वडील ब्रश तोंडात धरून ऐकायचे, तेच हे. सेन्सरचे आणि मजुरीचे धरून त्यानं आठशे रुपये घेतले. जुना सेन्सर मी मागून घेतला. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत.

पुढच्या सकाळी मी सहालाच उठलो. बायकोनं एकदा बघितलं, काही विचारलं नाही. खाली पार्किंगमध्ये तिच्या शेजारी बसलो. तिनं चावी फिरवली, काटा वर गेला, ती हँडब्रेकवर हात ठेवून तो खाली येण्याची वाट बघत राहिली. मी तिला ते दोन ग्लास, चोरवाट, ३९ हे सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. "म्हणजे क्लच नव्हता," ती म्हणाली. मग म्हणाली, "उतर, मला उशीर होतोय."

गाडी गेटमधून बाहेर पडली, वळणावर दिसेनाशी झाली, आवाज अजून थोडा वेळ येत राहिला. मी तिथंच उभा होतो. वॉचमन गेटापाशी पुठ्ठे आणि वाळक्या फांद्यांची शेकोटी करून बसला होता. त्यानं सरकून मला जागा दिली. आम्ही दोघं हात पुढं करून बसलो.

"साहेब, आज लगेच सुरू झाली मॅडमची गाडी," तो म्हणाला. "नाहीतर दिवाळीपासून बघतोय, रोज चार-चारदा बंद पडायची. एकदा तर रडकुंडीला आल्या होत्या. मला वाटायचं, साहेबांना सांगावं का. म्हटलं, मॅडमच बोलल्या असतील."

"हो," मी म्हणालो. "बोलली होती."